वेळापत्रकाचे वचन

तापीच्या राजघाटावर पहाटेचे स्नान उरकून बऱ्हाणपूरच्या मोटारस्टँडाकडे निघालेला उतारू कशाच्या भरवशावर निघतो? भिंतीवर टांगलेल्या वेळापत्रकाच्या. ते वेळापत्रक ही नुसती माहिती समजावी की दिलेले वचन, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ७२ व्या कलमान्वये, मंजूर वेळापत्रक गाडीत व थांब्यांवर लावण्याची आणि ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे त्यापासून न ढळण्याची अट परवान्यास घालता येते. अट मोडल्यास ८६ व्या कलमान्वये परवाना निलंबित वा रद्दही होऊ शकतो. इंग्लंडात १८५६ साली, डेन्टन नामक उतारूच्या दाव्यात, बंद झालेली गाडी वेळापत्रकात तशीच ठेवणाऱ्या रेल्वे कंपनीस न्यायालयाने जबाबदार धरले.

परंतु दंडाच्या भीतीने पाळलेला नियम आणि बुद्धीस पटलेले कर्तव्य यांत अंतर असते. मध्यप्रदेशाचे परिवहन महामंडळ २००५ नंतर मोडीत निघाले आणि उतारू खासगी मोटारींच्या हवाली झाला. अर्धी गाडी रिकामी नेली तर डिझेलचाही खर्च निघत नाही, असे मालकांचे म्हणणे. अडचण खरी आहे. पण झेपतील तितक्याच फेऱ्या मंजूर करून घेणे हा तिच्यावरील प्रामाणिक उपाय. गाडी भरेपर्यंत थांबणारा मालक आत बसलेल्यांचा वेळ खर्ची घालून आपली तूट भरतो. ओळखीच्या माणसासाठी गाडी थोपविणारा चालक दयाळू भासतो खरा. पण ते हलवायाच्या घरावर तुळशीपत्र होय.

विलंबातही तारतम्य हवे. तापीला पूर आला, रस्ता खचला, तर दोष कोणाचाच नाही. गेलेला वेळ भरून काढण्यासाठी गाडी भरधाव हाकणे हा तर अधर्मच, कारण वचनापेक्षा प्राण मोठा. वेळेआधी सुटणाऱ्या गाडीस मात्र कसलीच सबब नाही. उशिराची गाडी निदान येते. आधी सुटलेली गाडी वेळ पाळून आलेल्यालाच मागे टाकते.

तेव्हा आमच्या मते जबाबदारीची वाटणी अशी: पाळता येईल असेच वेळापत्रक लावणे हे मालकाचे कर्तव्य, ठरल्या वेळी निघणे हे चालकाचे. ठरल्या वेळी पोहोचणे सर्वस्वी दोघांच्याही हाती नाही. रोजंदारीवर निघालेल्या मजुरास दाद मागण्याइतकी फुरसत नसते. म्हणूनच त्याला दिलेली वेळ अधिक कसोशीने पाळली पाहिजे.