बदली मासा

मुलाला घरात काहीतरी पाळायचे असते आणि आईबापांना काहीही पाळायचे नसते. या दोन पक्षांत शेवटी जो तह होतो, त्याचे नाव मासा. कुत्र्याला सोसायटीची हरकत असते, मांजराला आजीची असते आणि देशी पोपटाला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचीच हरकत आहे. मासा भुंकत नाही, सोफ्यावर केस गाळत नाही, आणि संध्याकाळी त्याला फिरवून आणावे लागत नाही. इतके गुण एखाद्या भाडेकरूत असते तर मालकाने त्याच्याकडून पागडीसुद्धा घेतली नसती!

तेव्हा एका रविवारी बाप मुलाचे बोट धरून बाहेर पडतो आणि पिशवीभर पाण्यात दोन गोल्डफिश, काचेचा एक वाटोळा बाऊल, रंगीत खडे आणि खाण्याची डबी घेऊन परततो. नावे ठेवली जातात. बारशाला घुगऱ्या तेवढ्या नसतात. मग मुलगा चिमूटभर खाणे टाकतो, शेजारची मुले चिमूटभर टाकतात, आणि "बिचारा सारखी तोंडाची उघडझाप करतोय, भुकेला दिसतो," असे म्हणून आजीही टाकते. तो खरे म्हणजे श्वास घेत असतो.

घरातला मासा मरतो तो बहुधा उपासमारीने नव्हे, पाहुणचाराने. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, उरलेले खाणे कुजून त्यात भर घालते. हा अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे वाढायला चारसहा आठवडे लागतात. आपण चौथ्याच दिवशी "शी, काय घाण झालंय," म्हणून सगळे पाणी ओततो, खडेसुद्धा घासतो, आणि नळाचे ताजे क्लोरीनवाले पाणी भरतो. स्वच्छतेचा एवढा झटका माणसालाही सोसत नाही. रोम शहराने तर २००५ साली हे वाटोळे बाऊलच बंद करून टाकले.

पाचव्या दिवशी सकाळी दोघांतला एक पोट वर करून तरंगताना दिसतो. मुलगा शाळेत गेलेला असतो. आणि इथे, एरवी भाजीच्या भावापलीकडे तत्त्वचिंतन न करणाऱ्या घरात एक जुना नैतिक प्रश्न उभा राहतो. मुलाला सांगायचे काय?

नव्वद टक्के बाप काहीच सांगत नाहीत. (हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पण मी बरेच बाप पाहिले आहेत.) ते मेलेला मासा कागदात गुंडाळून दुकान गाठतात आणि बटणाचे माप दाखवावे तसा तो पुढे करून "अगदी असाच द्या" म्हणतात. दुकानदारही जाणता असतो, काही विचारत नाही. संध्याकाळी मुलगा घरी येतो तेव्हा बाऊलमध्ये मासे दोन. गिरणीत गैरहजर कामगाराच्या जागी बदली कामगार उभा करीत, तसा हा बदली मासा.

बापाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पाच वर्षांच्या पोराला रडवून काय मिळवायचे? शिवाय याला मोठा आधार आहे. कुरुक्षेत्रावर अश्वत्थामा नावाचा हत्ती मारून, तुझा मुलगा गेला असे द्रोणाचार्यांना पटवण्यात आले. तिथे नावाच्या जोरावर जिवंताला मेलेला ठरवले, इथे नावाच्याच जोरावर मेलेल्याला जिवंत ठरवायचे. त्या एका वाक्याने धर्मराजाचा चार बोटे वर चालणारा रथ जमिनीला टेकला म्हणतात. आपले रथ पहिल्यापासून जमिनीवरच असल्याने आपल्याला फरक जाणवत नाही, इतकेच.

प्रश्न असा की, हे खोटे नक्की कोणासाठी? माशाची आठवण तीन सेकंदांची असते असे लोक सांगतात. ते काही खरे नाही, गोल्डफिशला शिकवलेली गोष्ट आठवडेच्या आठवडे आठवते. मग माशाकडे तासन्‌तास टक लावून बसणाऱ्या पोराची आठवण त्याहून कमी असेल?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात असे लागोपाठ तीन बदली मासे येऊन गेले. घरातली चिमुरडी एकदाही काही बोलली नाही, म्हणून मंडळी खूश होती. पुढे तिची आजी गेली. शिरस्त्याप्रमाणे तिला सांगण्यात आले, आजी गावाला गेली. पोरीने थोडा विचार केला आणि विचारले, "गावाहून येईल ती आजी हीच असेल ना?"

घरात कोणालाच उत्तर सुचेना. मग हळूहळू उलगडा झाला. पहिल्या माशाच्या शेपटीवर पांढरा ठिपका होता, दुसऱ्याच्या नव्हता, हे तिने पहिल्याच संध्याकाळी पाहिले होते. "पण बाबांना वाईट वाटलं असतं," ती म्हणाली. म्हणजे एवढे दिवस कोण कोणाला सांभाळून घेत होते, बघा!

मुलाला खरे सांगितले तर ते रडते. अर्धा तास रडते, गुलाबाच्या कुंडीत मासा पुरते, वर फूल ठेवते, आपल्याला उत्तर येणार नाही असे चारदोन प्रश्न विचारते आणि मग भेळ मागते. हे सारे पाहणे आपल्याला जड जाते. पण गेलेले माणूस गेलेले असते आणि त्याच्यासारखा दुसरा मिळत नाही, हे कळायला याहून स्वस्त शिकवणी नाही. पुढच्या सगळ्या फार महाग असतात.

आपल्याकडे घरात मासा पाळणारा पहिला गृहस्थ म्हणजे मनू. ओंजळीत आलेला मासा "मला मोठे मासे खातील, सांभाळ," म्हणाला. मनूने त्याला भांड्यात ठेवले, भांडे पुरेना तेव्हा खड्ड्यात ठेवले, तोही पुरेना तेव्हा समुद्रात नेऊन सोडले. मनूने मासा तोच ठेवला आणि जागा बदलली. आपण बाऊल तोच ठेवतो आणि मासे बदलतो. वास्तविक गोल्डफिश काही चार दिवसांचा पाहुणा नव्हे. इंग्लंडात १९५६ साली जत्रेत मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षे जगला. राज्य सरकारच्या नोकरीत असता तर आणखी पंधराच वर्षांत पेन्शनीला आला असता.

तेव्हा दुकानात जायचेच असेल तर मुलाला बरोबर घेऊन जावे. मासा मागाहून बघता येईल. आधी मोठी टाकी बघावी.