स्वधर्म आणि पसंतीक्रम

बारावीचा निकाल लागून नागपुरात पहिला पाऊस पडतो, त्या सुमारास घरोघरी एकच प्रश्न निरनिराळ्या आवाजांत विचारला जातो: पुढे काय घ्यायचे? वडीलधारी मंडळी हा प्रश्न व्यवहाराचा मानतात. शुल्क किती, वसतिगृह मिळेल काय, नोकरी लागेल काय, एवढ्या चौकशीत तो निकालात निघतो अशी त्यांची समजूत असते. माझ्या मते तो मुळात धर्माचा प्रश्न आहे. माणसाने आपले आयुष्य कोणत्या कामाला वाहावे आणि ते काम त्याला कोणी नेमून द्यावे, याचा विचार या देशात फार पुरातन काळापासून होत आला आहे, आणि त्या विचाराची दोन परस्परविरोधी टोके आपल्या शहराच्या अगदी निकट आहेत: एक दीक्षाभूमीवर, दुसरे वर्ध्याजवळच्या पवनारला, विनोबांच्या आश्रमात.

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी उतरवून घेतली, त्यांत स्वधर्म शोधत हिंडावे लागत नाही, तो आपल्यापाशी सहज चालत येतो, असे प्रतिपादन आहे. ज्या आईबापांच्या पोटी आपण आलो आणि ज्या समाजाने आपल्याला वाढवले, त्यांची सेवा जन्माबरोबरच आपल्या वाट्याला येते. ती टाळून दूरचे आकर्षक कर्तव्य धुंडाळणे म्हणजे मोह. या विचारात मोठे समाधान आहे, आणि शेजाऱ्याच्या मुलाचे गुण पाहून स्वतःच्या मुलाचे आयुष्य आखणाऱ्या पालकाने तो अवश्य वाचावा. परंतु हेच विनोबा 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले असता सुरतेला उतरून काशीचा रस्ता धरतात, आणि त्यापूर्वीच आपले दाखले त्यांनी चुलीत घातलेले असतात, ही हकीकत त्या प्रवचनांच्या शेजारी ठेवून पाहिली पाहिजे. घरच्या अपेक्षेचा ओघ मुंबईकडे जात होता. त्या तरुणाने आपला धर्म निराळा ओळखला. स्वधर्म सहजप्राप्त असतो हे मान्य केले, तरी तो ओळखण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

दीक्षाभूमीकडचे टोक अधिक कठोर आहे, आणि तसे ते असणे न्याय्यच आहे. 1936 साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे न दिल्या गेलेल्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेच्या समर्थकांचा एक आवडता युक्तिवाद मुळातून छेदला. जात म्हणजे श्रमविभागणी नव्हे, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही उच्चनीच पायऱ्यांवर. तीत माणसाची स्वाभाविक योग्यता पाहिली जात नाही, आईबापांचा सामाजिक दर्जा पाहून त्याचे काम अगोदरच मुक्रर होते. उद्योगांचे स्वरूप पालटले तरी त्याला पेशा पालटण्याची मुभा राहत नाही, आणि बेकारीचे एक कारण हेही आहे. स्वधर्म या उदात्त संकल्पनेचा वापर शतकानुशतके जन्माने पेशा लादणाऱ्या सनदेसारखा झाला, हे ज्याला नाकारता येत नाही त्याला या युक्तिवादाला उत्तर देता येणार नाही. पुढे संविधानाच्या 19 व्या अनुच्छेदाने कोणताही पेशा, व्यापार वा उद्योग करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला दिले, आणि कायद्यापुरता वाद मिटला.

कायद्यापुरता म्हणण्याचे कारण असे की जन्माची उतरंड जिथे थोडी ढिली झाली, तिथे आपण गुणांची उतरंड रचली. दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर असलेल्याने विज्ञान, त्याखालच्याने वाणिज्य, आणि उरलेल्याने कला घ्यावी, हा अलिखित हुकूम इतका रुजला आहे की इतिहासात रमणाऱ्या हुशार मुलीला घरात गुन्हेगारासारखे उभे केले जाते. इथेही योग्यतेचा विचार नाही, दर्जाचा आहे. इथेही मुलाला पाहण्याआधी त्याची पायरी ठरते. हा अन्याय पूर्वीच्या अन्यायाएवढा मोठा नाही, त्याची बरोबरी करणे अनुचित होईल. पण त्याची घडण ओळखीची आहे.

सीताबर्डीवरील एका संगणकाच्या दुकानात प्रवेशाचे अर्ज भरण्याच्या मुदतीत मी काही कामासाठी बसलो असताना काटोलकडचे एक संत्रा-बागाईतदार आपल्या मुलीला घेऊन आले. पडद्यावर महाविद्यालये आणि शाखा यांचा पसंतीक्रम भरावयाचा होता. वडील म्हणाले, "भाऊ, जे चांगलं असन ते वरतं टाका." मुलगी छापील यादीवरून बोट फिरवत होती, 'अन्न-तंत्रज्ञान' या शब्दाशी तिचे बोट थांबले आणि तिने हळूच विचारले, "दादा, याच्यात काय शिकवतात?" दुकानदार भला माणूस होता, त्याने प्रामाणिकपणे सांगितले की ते आपल्याला ठाऊक नाही, सगळे कॉम्प्युटरच वर टाकतात. तेच वर पडले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली तर ती घ्यावीच लागते, नाही तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद होते, हेही तिथे कोणी बोलले नाही. वडिलांचा विश्वास खोटा नव्हता, दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता, आणि तरीही चार वर्षांचा नव्हे, कदाचित चाळीस वर्षांचा निर्णय दहा मिनिटांत एका अज्ञानाने घेतला.

त्या दुकानापासून थोड्याच अंतरावर, अमरावती मार्गावर, आता विद्यापीठ झालेली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून ती 1942 साली उभी राहिली आणि अन्नप्रक्रियेसह रसायनावर आधारलेल्या उद्योगांचे शिक्षण देत आली. ज्या जिल्ह्यात संत्र्याला बरा भाव मिळाला नाही की बागाईतदार हवालदिल होतो, त्या जिल्ह्याच्या मुलीला ही संस्था शिकवणीला जाता-येता दिसली असेल, पण कळली नव्हती. त्याच मार्गावर देशभरच्या मृदांचे सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था आहे. महाराजबागेपाशी 1906 पासूनचे कृषी महाविद्यालय आहे. सिव्हिल लाइन्समध्ये अग्निशमनाचे अभियांत्रिकी शिक्षण देणारे राष्ट्रीय महाविद्यालय आहे. कापसावरील केंद्रीय संशोधन संस्था आणि भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय याच शहरात आहे. रामटेकला संस्कृतचे विद्यापीठ आहे. गडचिरोलीच्या विद्यार्थ्याची गोष्ट सोडा, धरमपेठेतल्या विद्यार्थ्यालाही यांतली निम्मी नावे सांगता येत नाहीत. ज्याला दोनच वाटा दाखवल्या गेल्या, त्याने त्यांतली एक धरली म्हणजे निवड केली असे म्हणता येईल काय? अनुच्छेदाने दिलेले स्वातंत्र्य तपशील कळल्याशिवाय हाती लागत नाही.

मग सांगणाऱ्याचा धर्म कोणता? मला याचे सर्वांत गंभीर उत्तर गीतेच्या अठराव्या अध्यायात दिसते. सगळे ज्ञान सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात की यावर पूर्णपणे विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसे कर. यानंतर शरणागतीचा उपदेश येतो हे मी विसरलेलो नाही. परंतु तो स्वातंत्र्य देऊन झाल्यावर येतो. आधी निःशेष सांगणे, मग विचाराला अवकाश देणे, आणि मग हात काढून घेणे, हा क्रम आहे. आपले पालक आणि शिक्षक यांतले पहिले करीत नाहीत आणि तिसरे तर मुळीच करीत नाहीत. निःशेष सांगणे म्हणजे केवळ पगाराचा आकडा सांगणे नव्हे. त्या कामातला रोजचा दिवस कसा जातो, रात्रपाळी किती, बदली कुठे होते, शिक्षण अर्धवट सुटले तर शुल्काचे आणि कर्जाचे काय होते, आणि ते काम केलेला माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी त्याविषयी काय म्हणतो, हेही सांगणे होय. आणि जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक असलेल्याच्या दारी मुलाला नेणे, हेही त्यातच येते.

विचाराला वेळ देण्याचे या शहराला लाभलेले उदाहरण तर अपूर्व आहे. 1935 साली येवल्याला धर्मांतराची घोषणा करणाऱ्या बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती 14 ऑक्टोबर 1956 रोजी, इथे, नागपुरात. मधली एकवीस वर्षे त्यांनी धर्माधर्मांचा अभ्यास केला, आणि मगच लक्षावधी अनुयायांसह पाऊल उचलले. अठरा वर्षांच्या मुलाला एकवीस वर्षे देता येणार नाहीत, परंतु दहावीपासूनची दोन-तीन वर्षे तरी देता येतात, ती आज सराव परीक्षांत संपतात.

आणि ज्या धम्माची दीक्षा इथे घेतली गेली, तो पोटापाण्यालाही नीतीच्या कक्षेत आणतो. अष्टांगिक मार्गात सम्यक् आजीविका आहे, आणि उपासकाने शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार करू नये असे बुद्धवचन आहे. आता नागपूरच्याच अंबाझरीला आयुधनिर्माणी आहे. तिच्या भरवशावर कित्येक घरे उभी राहिली, मुले शिकली. दीक्षाभूमीला दरवर्षी जाणाऱ्या घरातल्या एखाद्या यंत्र-अभियंत्याला तिथे जागा चालून आली, तर त्याने ती घ्यावी काय? देशाचे रक्षण हेही कर्तव्य आहे, आणि व्यापारासाठी शस्त्र करणे व रक्षणासाठी करणे यांत भेद आहे, असे एक उत्तर देता येते. हा भेद आपल्या सोयीचा आहे, असे दुसरे. मी स्वतः पहिल्याकडे झुकतो. परंतु त्या तरुणापुढे मी दोन्ही उत्तरे मांडीन, माझा कल लपवणार नाही, आणि होकार किंवा नकार त्याच्यावर सोपवीन.