सोसणं म्हणजे संमती नव्हे

गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 650 बायकांची तपासणी केली. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. याआधी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटातलं दुखणं, पाळीचा त्रास, सगळं बाईच्या जातीचे भोग म्हणून अंगावर काढलं जात होतं.

मग जे दुखणं कुणी सांगितलंच नाही, त्याची जबाबदारी कुणाची?

कर्मावर, दैवावर श्रद्धा ठेवण्याचा हक्क त्या बाईचा आहे. मात्र तिच्या सोसण्याला संमती समजून यंत्रणा निर्धास्त राहिली, तर तो अधर्मच. श्रद्धा आड येतेच असंही नाही. डॉ. बंग यांच्या गडचिरोलीतल्या 'शोधग्राम' संकुलातला दवाखाना आदिवासींशी बोलून त्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला आणि त्यांच्याच दंतेश्वरी देवीचं नाव त्याला मिळालं. देवीच्या जत्रेत लोक आपल्या आजारांवर चर्चा करतात.

सरकारी यंत्रणेला मात्र बाईचं गर्भाशय दिसायचं ते लोकसंख्येपुरतं. नसबंदीची उद्दिष्टं वरून यायची, नर्सबाईंनी ती पुरी करायची. 1994 च्या कैरो परिषदेत 179 देशांनी माणसाचं आरोग्य आणि हक्क आकड्यांच्या आधी ठेवायचं ठरवलं. भारताने 1996 मध्ये उद्दिष्टं काढून टाकली, पुढच्या वर्षी प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम आला.

आणि तरीही बीड घडलं. 2019 मध्ये त्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं सर्रास काढली गेल्याचं उघड झालं. सरकारी पाहणीत अशा बायकांचा आकडा 13,000 च्या वर गेला. या बायका गप्प बसल्या नव्हत्या, डॉक्टरकडे गेल्या होत्या, बहुतेक खासगी. साध्या औषधांनी बरे होणारे आजारही थेट शस्त्रक्रियेपर्यंत नेले गेले. पाळीतही फडावर जावंच लागतं. खाडा केला की मुकादम पैसे कापतो, वर आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. अशा वेळी डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली, तर बाई दुसरं काय करणार?

कागदावर अंगठा तिचाच होता. पण निवड करायला दुसरी वाट असावी लागते: पाळीत पगारी सुट्टी, फडाजवळ शौचालय, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि चालू सोनोग्राफी. आरोग्यव्यवस्थेची सुधारणा मोजायची, तर ती इथून मोजायला हवी.