शर्ट धरून ठेवला म्हणून

२५ जून १९८३ची रात्र. चाळीच्या गॅलरीत आम्ही दोघे मित्र क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी एका ट्रान्झिस्टरला कान लावून बसलो होतो. भारत १८३ धावांत गारद. मित्र वैतागून झोपायला निघाला, मी त्याचा शर्ट धरून ठेवला. कपिलदेवने उलटं धावत वेस्ट इंडिजच्या रिचर्ड्सचा झेल घेतला, तेव्हा मित्राने मारलेली मिठी माझ्या बरगड्यांना अजून आठवते! ४३ धावांनी जिंकलो.

या विश्वविजेत्यांना बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाकडे पैसे नव्हते. आजच्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात. शेवटी क्रिकेट प्रशासक राजसिंग डुंगरपूर यांनी लता मंगेशकरांना गळ घातली. दीदी दिल्लीत गायल्या, मानधन न घेता, आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. गाणं खेळाच्या मदतीला इतकं थेट धावून आल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

राजसिंग २००९ मध्ये गेले, दीदी २०२२ मध्ये. आमची चाळही पाडली. मित्र आता पुण्यात असतो. त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनवर ओरडावं लागतं. गेल्या २५ जूनला मी त्याला फोन करायचा विसरलो. आज करणार आहे. तुमचाही असा कुणी असेल, तर चहा संपला की लावा फोन.