परक्याचें दुःख आणि आपले अश्रु

मनुष्यास दुसऱ्याच्या दुःखानें रडूं येतें ही त्याच्या माणुसकीची खूण होय, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु जें दुःख हजारों कोसांवरचें आहे, जें भोगणाऱ्याची आपली कधीं गांठ पडणार नाहीं, आणि जें वस्तुतः कोणी भोगलेलेंही नाहीं, नटांनीं केवळ वठविलेलें आहे, त्या दुःखानें डोळ्यांत उभ्या राहणाऱ्या पाण्याची किंमत काय समजावी? प्रश्न जुना आहे. पण पूर्वीं तो तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत असे, आज तो मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या बैठकीच्या खोलींत येऊन बसला आहे. परदेशी आणि स्वतंत्र वृत्तीच्या दिग्दर्शकांचे चित्रपट पाहावयाचे म्हणजे एके काळीं मुंबई-पुण्याच्या एखाद्या फिल्म सोसायटीचें सभासद व्हावें लागे. आतां स्ट्रीमिंग सेवांमुळें कोरिया, मेक्सिको, इराण, स्पेन येथील नाट्यकथा आमच्या गोंदियासारख्या, भाताच्या गिरण्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या गांवींही रात्रीच्या जेवणानंतर पाहिल्या जातात. आणि त्या पाहून रडणारी माणसें माझ्या परिचयांत थोडीथोडकीं नाहींत. त्यांच्या या अश्रूंविषयीं चार शब्द लिहावे, असा विचार आहे.

या कथांवर आपल्याकडे घेतला जाणारा नेहमींचा आक्षेप असा कीं, परकें पाहून आपलीं मुलें परकीं होतात. या आक्षेपांत मला फारसा अर्थ दिसत नाहीं. मराठी रंगभूमि परक्या नाटकांना कधीं भ्याली नाहीं. आगरकरांनीं 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' १८८३ मध्यें प्रसिद्ध केलें. देवलांनीं 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' रचिलें. १९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनें जें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक करून रंगभूमीला नवें वळण दिलें, तें श्री. वि. वर्तकांनीं ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवरून लिहिलें होतें. पुढें इब्सेनची नोरा अनंत काणेकरांच्या 'घरकुल' मध्यें मराठी बोलूं लागली. यांपैकीं कशानेंही मराठी माणूस नॉर्वेजियन झाला नाहीं. शिवाय आम्ही पडलों सीमेवरचे लोक. १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या एका अंगाला मध्यप्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. बाजारांत हिंदी, शेजारीं पोवारी, खेड्यांत झाडीबोली, जंगलाकडे गोंडी. ज्याच्या कानांवर सकाळपासून रात्रीपर्यंत चार भाषा पडतात, त्याला पांचवी कोरियन ऐकून आणि खालच्या ओळी वाचून भोंवळ येण्याचें कारण नाहीं.

खरा आक्षेप निराळा आहे, आणि तो परकेपणावर नसून अश्रूंवरच आहे. रूसोनें १७५८ सालीं दालांबेरला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रांत तो मांडला. नाटकांतील दुःखितासाठीं रडलें म्हणजे माणुसकीचें देणें फिटलें असें प्रेक्षकास वाटूं लागतें. त्याला त्या दुःखितासाठीं कांहींच करावें लागत नाहीं, आणि आपल्या कोमल अंतःकरणाबद्दलचें समाधान मात्र फुकटांत पदरीं पडतें, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. या बाबतींत प्लुटार्कनें सांगितलेली अलेक्झांडरची गोष्ट मोठी बोलकी आहे. हा जगज्जेता अलेक्झांडर नव्हे, फेरी या ग्रीक नगराचा त्याच नांवाचा जुलमी राजा. युरिपिडीसचें 'ट्रोजन स्त्रिया' हें नाटक चाललें असतां तो मध्येंच उठून निघून गेला. नाटक वाईट होतें असें नाहीं. ज्यानें स्वतः ठार मारलेल्यांपैकीं एकाचीही कधीं कींव केली नव्हती, तो हेक्युबा आणि अँड्रोमाखी यांच्या दुःखानें रडतांना नागरिकांच्या दृष्टीस पडेल, याची त्याला लाज वाटली. म्हणजे अश्रु जुलमी मनुष्यासही येतात. ते आले एवढ्यावरून कोणाच्याही चांगुलपणाचा दाखला मिळत नाहीं.

आतां आजचें उदाहरण घेऊं. आल्फोन्सो क्वारोन यांचा 'रोमा' हा चित्रपट २०१८ सालीं नेटफ्लिक्सनें घरोघरीं पोहोंचविला. १९७०-७१ चें मेक्सिको शहर, त्यांतील रोमा नांवाच्या वस्तींतलें एक सुखवस्तु कुटुंब, आणि त्या घरीं राबणारी क्लेओ ही आदिवासी मोलकरीण, एवढाच त्याचा विषय. एका प्रसंगीं सगळें कुटुंब दूरचित्रवाणी पाहत बसलें आहे. क्लेओ तेथेंच जमिनीवर टेकते, एक मुलगा तिच्या अंगावर हात टाकतो, आणि लगेच तिला घरच्या डॉक्टरांसाठीं चहा आणावयास सांगण्यांत येतें. शेवटीं तीच क्लेओ, पोहतां येत नसतांनाही, समुद्रांत शिरून मुलांना वांचविते. सगळे तिला कवटाळून रडतात. आणि घरीं परतल्यावर तिच्याकडे केळें घातलेलें दूध मागितलें जातें. हें कुटुंब दुष्ट नाहीं. त्यांचें तिच्यावर खरोखरीच प्रेम आहे. आणि तरीही ती चहा आणणारीच राहते.

हा चित्रपट पाहून ज्या घरांत डोळे पुसले जातात, त्या घरांत भांडीं घासणाऱ्या बाईचा कप बहुधा निराळा असतो, तिच्या सुटीचा वार ठरलेला नसतो, आणि ती आजारी पडली तर तिला काय होतें याच्याआधीं ती परत केव्हां येणार याची चौकशी होते. हें मी कोणा एका घराविषयीं म्हणत नाहीं. आपल्या वर्गाची ही सर्वसाधारण रीत आहे. तेव्हां क्लेओसाठीं आलेले अश्रु आणि मोरीजवळच्या फळीवर वेगळा ठेवलेला कप, हीं दोन्ही एकाच घरांत सुखानें नांदूं शकतात. रूसोचें म्हणणें येथें अक्षरशः खरें ठरलें, असेंच कोणी म्हणेल.

तरीही रूसोचा निकाल मला अपुरा वाटतो. १९२१ सालच्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत न. चिं. केळकरांनीं 'सविकल्प समाधी'ची उपपत्ति मांडली होती. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, पण आपण आपणच आहों ही जाणीव सोडीत नाहीं, आणि या दुहेरी अवस्थेंतच वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय. परदेशी कथेचें नैतिक सामर्थ्यही मला याच दुहेरीपणांत दिसतें. स्वतःच्या घरांतील अन्याय संवयीनें दिसेनासा होतो. आणि कोणी दाखवूं लागलें, तर आपण लागलीच स्वतःचें वकीलपत्र घेऊन उभे राहतों : 'तिला आम्ही दिवाळीला लुगडें देतों, उरलेलें अन्न देतों, कधीं टाकून बोलत नाहीं.' मेक्सिकोंतील मालकिणीचें वकीलपत्र आपल्याकडे नसतें, म्हणून तेथला अन्याय आपल्याला स्वच्छ दिसतो. जवळचें पाहण्याला कित्येकदां दूरचाच रस्ता उपयोगी पडतो.

याचा उलट पडताळा चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या मराठी चित्रपटावरून येतो. २०१४ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिकही त्याला मिळालें. गटारांत मेलेल्या एका सफाई कामगाराला गाण्यानें आत्महत्येस प्रवृत्त केलें, अशा आरोपावरून एका वृद्ध शाहिरावर खटला चालतो. सरकारी वकीलबाई कोर्टाचें काम आटोपलें कीं लोकलगाडीनें घरीं येतात, स्वयंपाक करितात, आणि सवड मिळेल तेव्हां कुटुंबासह परप्रांतीयांची टर उडविणारें मराठी नाटक पाहावयास जातात. ही स्त्री खलनायिका नाहीं. आपल्या मावशीसारखी, वहिनीसारखी आहे. कोरियन मालिका चार रात्रींत संपविणारे कित्येक रसिक हा चित्रपट 'फार संथ आहे' म्हणून अर्ध्यावर सोडतात. संथ तर 'रोमा'ही आहे. पण येथें पडद्यावरचें घर आपलें आहे, आणि वकीलपत्र पुनः आपल्या हातीं आलें आहे.

कोणी म्हणेल कीं, कलेच्या आनंदांत मोलकरणीच्या कपाचा हिशेब आणणें हाच अरसिकपणा होय. आपल्या साहित्यशास्त्रानेंही सांगितलें आहे कीं, रसास्वादाच्या वेळीं भावना माझी-तुझी राहत नाहीं, तिचें साधारणीकरण होतें. हें मला मान्य आहे. नाटक चालूं असतां हिशेब करूं नये. करूं गेल्यास नाटकही जाईल आणि हिशेबही चुकेल. परंतु पडदा पडल्यावर जो मनुष्य खुर्चीवरून उठतो तो साधारण नसतो. त्याला नांव असतें, घर असतें, आणि त्या घरीं उद्यां सकाळीं कोणी तरी भांडीं घासावयास येणार असतें.

जुन्या काळीं हें परत घरीं येण्याचें काम रूपांतरकार करीत असे. ऑथेल्लोचा झुंझारराव करावयाचा म्हणजे नातीं, रीतिभाति, शेजाऱ्यांचे शब्द, सगळें येथलें शोधावें लागे. आणि प्रेक्षकापुढें नाटक येई तें त्याच्या दाराशीं येऊन उभें राही. आतां मूळ कृति जशीच्या तशी हातीं येते. हा लाभ मोठाच आहे. पण रूपांतराचें काम त्यामुळें संपलें नाहीं. तें प्रत्येक प्रेक्षकावर येऊन पडलें आहे. आणि त्यासाठीं लागणारी उसंत तर यंत्र देत नाहीं. एक भाग संपतो न संपतो तोंच दुसरा आपोआप सुरू होतो, आणि मागच्या दुःखाचा विचार पुढच्या उत्कंठेखालीं दडपला जातो.

दिवाळीनंतर आमच्या पूर्व विदर्भांत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम येतो. वडशाच्या कंपन्या गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांतून गांवोगांव फिरतात. मंडई, शंकरपट अशा निमित्तानें मंडप पडतात, आणि रात्रीं सुरू झालेलें नाटक पहांटेपर्यंत चालतें. या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. या नाटकांतला भडकपणा आणि ओढून आणलेला विनोद मला रुचतो असें नाहीं. परंतु तेथें रडणारा चारचौघांत रडतो. दारुड्याच्या बायकोचे हाल पाहून जो डोळे पुसतो, त्याच्या स्वतःच्या घरीं काय चाललें आहे हें शेजारीं बसलेल्यांना ठाऊक असतें. फेरीच्या अलेक्झांडरला उठून जावें लागलें तें अशाच साक्षीमुळें. आज तोच राजा आपल्या महालांत एकटा बसून तें नाटक शेवटपर्यंत सुखानें पाहता, डोळे पुसता, आणि सकाळीं पुनः आपल्या कामास लागता.

म्हणून माझें म्हणणें एवढेंच आहे. परदेशी कथा अवश्य पाहाव्या, आपल्या मुलांनाही दाखवाव्या. मात्र एकट्यानें पाहून एकट्यानेंच विसरूं नयेत. कथा संपली कीं यंत्र बंद करावें, दिवा लावावा, आणि घरांतल्या मंडळींनीं आपसांत विचारावें कीं, हें आपल्याकडे घडलें असतें तर त्यांत आपण कोण असतों? पुष्कळदां उत्तर येईल कीं, चहा आणावयास सांगणारी मालकीण ती आपणच. तेवढें चारचौघांत कबूल करतां आलें, तर बाईला आठवड्याची सुटी ठरवून देणें, आजारपणांतला पगार न कापणें, आणि तिचा कप आपल्या कपांत ठेवणें, हीं कामें फार अवघड नाहींत. तीं जेथें झालीं, तेथें ते अश्रु फुकट गेले असें रूसोलाही म्हणतां येणार नाहीं.