किल्ल्यांचा डबा

न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एक मराठी घर. जेवणाच्या टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडा पडलाय. आत किल्ल्यांचे दोन जुडगे, नळाचे वॉशर आणि मागच्या हिवाळ्यातलं प्लंबरचं बिल. सत्तरीतले काका भाड्याने दिलेलं घर विकायला निघालेत. पुतणी करसल्लागार, ती हिशेब मांडतेय.

1996 मध्ये 2 लाख डॉलरना घेतलेल्या घराला आता 6 लाखांचं गिऱ्हाईक आलंय. अमेरिकेत भाड्याच्या घराच्या बांधकामाची किंमत साडेसत्तावीस वर्षांत घसारा म्हणून वजा करता येते. काकांनी ती सगळी वजा करून घेतली. त्यामुळे करासाठी नफा धरला जाणार साडेपाच लाखांच्या वर, आणि केंद्राचाच कर लाखभर डॉलरच्या घरात.

"ते 1031 कलम म्हणतात, त्याने हा कर वाचतो ना?"

"वाचत नाही काका, पुढे जातो. आणि स्थावराच्या बदल्यात स्थावरच घ्यावं लागतं."

या सवलतीचं मूळ 1921 च्या कायद्यात आहे. जमिनीच्या बदल्यात जमीन घेणाऱ्याच्या हाती रोकड येत नाही, मग तो कर कशातून भरणार, हा त्यामागचा सरळ विचार. पुढे ओरेगनमधल्या स्टार्कर कुटुंबाने जंगलाची जमीन आधी दिली आणि बदलीची जमीन नंतर घेतली. 1979 मध्ये कोर्टाने तेही मान्य केलं. मग 1984 मध्ये अमेरिकी काँग्रेसने मुदत घातली: 45 दिवसांत नवी मालमत्ता लेखी कळवायची, 180 दिवसांत घ्यायची. तोवर पैसा मध्यस्थाकडे.

"मग पुण्यात फ्लॅट घेतो की!"

"नाही चालत. इथली आणि अमेरिकेबाहेरची मालमत्ता एका जातीची धरत नाहीत."

काका गप्प झाले. पुण्याचा विषय त्यांच्यासाठी नुसत्या पैशाचा नव्हता.

भाडेकरू पुन्हा सांभाळायचे नसतील, तर राहिला ट्रस्टचा मार्ग. रीटचे, म्हणजे स्थावरात पैसा गुंतवणाऱ्या कंपनीचे, शेअर इथे उपयोगाचे नाहीत, कारण ते रोखे ठरतात. डेलावेअर स्टॅट्युटरी ट्रस्टमधला हिस्सा मात्र 2004 च्या करखात्याच्या निर्णयामुळे चालतो. एखादं मोठं गोदाम किंवा अपार्टमेंटचं संकुल, त्यात काकांचा वाटा.

"म्हणजे रात्री नळ फुटला तर फोन मला नाही!"

"नाही. पण छप्पर कधी बदलायचं, इमारत कधी विकायची, हेही तुम्हाला कुणी विचारणार नाही. ट्रस्टला नवं कर्ज काढता येत नाही, हिस्सेदारांकडून जादा पैसा घेता येत नाही. भाडेकरू निघून गेले तर हेच नियम गळ्याशी येतात. मध्येच तुम्हाला पैसे लागले, तर वाटा घेणारा सहज मिळत नाही."

"मग मी कसला मालक?"

"कराच्या कायद्याने मालकच. आणि तुमच्या पश्चात मुलांना तो वाटा त्या दिवशीच्या भावाने मिळेल. आजवरचा नफा कराच्या हिशेबातून पुसला जाईल."

काकांनी जुडगा हातात घेतला. "त्या घरात वरच्या मजल्यावर नर्स राहते. तिचा कर दर पगाराला कापला जातो. आणि माझा मी मरेपर्यंत ढकलायचा?"

"तुम्ही काही लबाडी करत नाही आहात."

"ते कळतं गं. पण रस्ते, शाळा यांच्या खर्चातला माझा वाटा कुणीतरी भरतंच ना?"

यावर पुतणीकडे आकडा नव्हता. तिने एवढंच सांगितलं, की केंद्राचा कर भरला तरी हाती पाच लाखांच्या आसपास उरतात, ते पुण्यालाही नेता येतात, आणि त्यांना कुणाची मुदत नाही. कराच्या धास्तीने 45 दिवसांत घाईघाईने घेतलेला वाटा बुडाला, तर गेलेली रक्कम करापेक्षा मोठी असू शकते. यात तिचंच बरोबर आहे. आधी गुंतवणूक पारखावी, कर नंतर मोजावा.

काकांनी अजून काही ठरवलेलं नाही. पण ठरवायचं ते विक्रीआधीच. व्यवहार पुरा होण्यापूर्वी मध्यस्थ नेमलेला नसेल तर 1031 चा दरवाजा बंद होतो, आणि त्या 45 दिवसांत शनिवार-रविवारही धरले जातात.