उत्तरपूजा कोणी केली?

अनंत चतुर्दशीला शेवटची आरती होते, घरातलं वडीलधारं माणूस गणपतीच्या हातावर दही ठेवतं, अक्षता वाहतं आणि मूर्ती जागेवरून जराशी हलवतं. तेवढ्या हलवण्यात दहा दिवसांचा पाहुणा निघून गेलेला असतो. उत्तरपूजा झाली, देवत्व गेलं, उरली ती शाडूची माती. प्राणप्रतिष्ठेला जसा विधी आहे तसा निरोपालाही आहे. तो कोणी करायचा, कधी करायचा, याबद्दल घरात कुणाच्याही मनात शंका नसते.

हाच हिशेब संग्रहालयाच्या दालनात लावून पाहिला की अडायला होतं. कुठल्याशा देवळातून लुटीत किंवा चोरीत गेलेली मूर्ती काचपेटीत उभी असते. खाली पाटी: धातू, शतक, प्रदेश, उंची. या मूर्तीची उत्तरपूजा कोणी केली? कोणीच केली नसेल, तर रोज सकाळी काच पुसणारा कर्मचारी नेमका कुणासमोर उभा असतो?

जगभरच्या संग्रहालयांत गेल्या काही दशकांत एक काम वाढत गेलं आहे. प्रदर्शन मांडण्याआधी देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, वस्तीत जाऊन लोकांशी बोलायचं. ज्यांच्या पूर्वजांच्या वस्तू कोठारात आहेत त्यांना कोठार दाखवायचं, पाटीचा मजकूर छापण्याआधी त्यांना वाचून दाखवायचा, आणि जे कधी संग्रहालयाची पायरी चढले नाहीत ते का चढले नाहीत याचा शोध घ्यायचा. हे काम बऱ्याचदा प्रसिद्धी खात्याचं धाकटं भावंड समजलं जातं. पण ते करणाऱ्यांच्या टेबलावर येणारा प्रश्न थेट तत्त्वज्ञानाचा असतो: एखादी वस्तू काय आहे, हे ठरवायचा अधिकार कुणाचा?

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात 1993 साली या प्रश्नासाठीच जणू एक संग्रहालय उघडलं. जुन्या कॅथीड्रलच्या शेजारचं हे सेंट मंगो संग्रहालय निरनिराळ्या धर्मांमधलं जीवन आणि कला यांना वाहिलेलं आहे. एकाच दालनात साल्वादोर दालीचा प्रसिद्ध क्रूसावरचा ख्रिस्त (तो तिथं 2006 पर्यंत होता) आणि नृत्यमग्न नटराज. जन्म, वयात येणं, लग्न, मरण या टप्प्यांवर निरनिराळे धर्म काय करतात हे शेजारी शेजारी मांडलेलं. पाहणाऱ्यांनी आपलं मत कार्डावर लिहून भिंतीवरच्या फलकाला लावावं, अशी सोय. लोकांनी मनापासून लिहिलं, रागानंही लिहिलं.

त्याच वर्षी एका माणसानं तो नटराज ढकलून पाडला. त्याच्या हातात बायबल होतं. मूर्तीला इजा झाली, ती दुरुस्त करून पुन्हा मांडण्यात आली. या घटनेत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मूर्तीकडे कलेचा नमुना म्हणून पाहणारा माणूस तिच्यावर धावून जात नाही. त्या हल्लेखोरानं नटराजाला देव मानलं होतं, त्याच्या दृष्टीनं खोटा देव, पण देवच. हात जोडणारा भाविक आणि मूर्ती पाडणारा कट्टर या दोघांनाही समोर निव्वळ कांस्य दिसलं नाही. फक्त कांस्य पाहण्याची दृष्टी संग्रहालयानं शिकवलेली असते, आणि ती सगळ्यांची नसते हे त्या दिवशी उघड झालं.

आता अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोकडे. तिथले झूनी लोक हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास अहायूदा या जुळ्या युद्धदेवतांच्या लाकडी मूर्ती कोरून डोंगरमाथ्यावरच्या स्थानी ठेवतात. नव्या मूर्ती आल्या की जुन्या तिथेच बाजूला राहतात. ऊन, पाऊस, वारा खात झिजतात, कुजतात, मातीला मिळतात. हे झिजणंच त्यांचं काम. संग्राहकांनी त्या टाकून दिलेल्या समजून उचलल्या आणि संग्रहालयांनी औषधं मारून, दमटपणा मोजून जपल्या. झूनी पुढाऱ्यांनी 1978 पासून डेन्व्हर कला संग्रहालयाशी बोलणी केली आणि 1980 मध्ये तिथल्या मूर्ती परत मिळवल्या. पुढे ठिकठिकाणाहून शंभराच्या आसपास अहायूदा घरी आले. ते आता बंदोबस्तातल्या, पण वर आभाळ मोकळं असलेल्या जागी कुजत आहेत.

संग्रहालयाच्या माणसाला हे ऐकताना पोटात खड्डा पडतो. टिकवणं हाच ज्याचा धर्म, त्याला ‘तुमचं टिकवणं हीच विटंबना’ असं कुणी सांगितलं तर त्यानं काय करावं? मराठी वाचकाला मात्र हे समजायला जड जाऊ नये. विसर्जनाच्या मूर्तीला संवर्धकाच्या प्रयोगशाळेत नेऊन कायमचं टिकाऊ केलं, तर घरच्यांना ती सेवा वाटणार नाही. बाप्पाला अडकवून ठेवल्यासारखं वाटेल.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली गोष्ट याहून अवघड आहे. 1868 मध्ये इंग्रज फौजेनं इथिओपियातला मगदाला किल्ला घेतला. (त्या मोहिमेची फौज मुख्यतः मुंबई इलाख्याची आणि बरीचशी मुंबईहून निघालेली होती, तेव्हा त्या लुटीचा एक धागा आपल्या बंदरापर्यंतही येतो.) लुटीत ताबोत होते: इथिओपियन चर्चच्या वेदीवरच्या पवित्र पाट्या, ज्या धर्मगुरूंखेरीज कुणी पाहायच्या नसतात. असे 11 ताबोत त्या संग्रहालयाकडे आहेत. ते कधी मांडलेले नाहीत. ज्या खोलीत ते आहेत तिथं इथिओपियन धर्मगुरूंनाच जाता येतं, संग्रहालयाच्या अभिरक्षकांनाही नाही. जगाला दाखवण्यासाठी उभारलेल्या घरात, घरमालकालाच पाहायची मनाई असलेली खोली! वस्तू परत देण्याच्या आड 1963 चा कायदा येतो, असं सांगितलं जातं. दाखवायचं नाही, अभ्यासायचं नाही, द्यायचंही नाही, तर ठेवायचं कशासाठी, याचं पटेल असं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

इथवर वाचून न्याय सोपा वाटेल: ज्यांची वस्तू त्यांना विचारा, ते म्हणतील तसं करा. संग्रहालयांतल्या या कामाचं आजचं सूत्र साधारण तेच आहे, आणि शतकभराच्या उद्धटपणानंतर ते योग्यही आहे. पण ‘ज्यांची’ या शब्दात एक खाच आहे, आणि ती महाराष्ट्राइतकी चांगली दुसरीकडे क्वचितच दिसेल.

समजा 1930 साली एखाद्या संग्रहालयानं नाशिकच्या रामाच्या मूर्तीबद्दल ‘समाजाला’ विचारायचं ठरवलं असतं. कुणाला विचारलं असतं? देवळाच्या पुजाऱ्यांना, पंचांना, शहरातल्या प्रतिष्ठितांना. त्याच वर्षी 2 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं प्रवेश मागत त्याच रामाच्या, म्हणजे काळाराम मंदिराच्या, दाराशी उभी राहिली होती आणि दार उघडलं गेलं नव्हतं. समाजाचा प्रतिनिधी म्हणून जो आत बसलेला होता, त्यानंच समाजातल्या कितीतरी लोकांना बाहेर ठेवलं होतं.

पंढरपुरात 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण मांडलं, ते विठ्ठलाचं दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना उघडावं म्हणून. त्यांच्यातल्याच संत चोखोबांची समाधी शतकानुशतकं त्याच देवळाच्या पायरीपाशी आहे. त्या पायरीपासून गाभाऱ्यापर्यंतचं अंतर त्यांच्या जातभाईंना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ओलांडता आलं नव्हतं.

हे आठवलं की संग्रहालयाच्या तिकीटखिडकीकडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. ज्याला देवळात मज्जाव होता तो मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात, विष्णूच्या मूर्तीसमोर हातभर अंतरावर उभा राहू शकत होता. जात कुणी विचारत नव्हतं. पाटीवर शतक आणि दगडाचा प्रकार लिहिणारी ती कोरडी भाषा भाविकाला दुखावते हे खरं. तिच्याच कोरडेपणामुळे कुणालातरी पहिल्यांदा देवासमोर मान वर करून उभं राहता आलं असेल, हेही तितकंच खरं. म्हणून मूर्तीचं देवपण परत देण्याची घाई करताना, त्यासोबत गाभाऱ्याचे जुने नियमही परत येत नाहीत ना, हे पाहावंच लागतं.

ग्लासगोच्या संग्रहालयाला हा पेच लवकरच पडला. वयात येण्याच्या विधींमध्ये मुलींच्या सुंतेचं एक छायाचित्र होतं, आणि त्यावरून मोठा वाद झाला. परंपरा म्हणून ती नोंदवायची, की मुलीवरचा अत्याचार म्हणून नाव घेऊन सांगायची? समाजातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं तर एक उत्तर येईल, त्या मुलीला विचारलं तर दुसरं. बैठकीला ती मुलगी नसते. तिला शोधून आणणं, तिच्यासाठी वेगळी वेळ, वेगळी खोली, ओळखीची भाषा यांची सोय करणं, हा या कामातला सर्वांत कष्टाचा आणि अहवालात सर्वांत कमी दिसणारा भाग.

पंढरपुरात आज कुणीही विठ्ठलाच्या पायांवर डोकं टेकू शकतो. लाखो कपाळांनी आणि हातांनी ते पाय झिजले आहेत. झीज फार वाढते तेव्हा पुरातत्त्व खात्याचे तज्ज्ञ येतात आणि वज्रलेप करतात. संवर्धनाची ती रसायनं, जी एरवी काचपेटीतल्या मूर्तीसाठी असतात, इथं गाभाऱ्यात वापरली जातात, तीही देव देवच राहिलेला असताना, पूजाअर्चा सांभाळून. लेप वाळेपर्यंत पदस्पर्श थांबवतात. मग दर्शनबारी पुन्हा हलू लागते, आणि पायांची झीज नव्यानं सुरू होते.